लहान खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज, 'आत्ताच सीट बुक करा' आणि मुलींची फीमाफी: नाशिककरांनो, सल्ला हवा आहे

द्राक्षबागवाली
नमस्कार मंडळी. आम्ही निफाड तालुक्यातले. दोन एकर द्राक्ष, बाकी कांदा आणि सोयाबीन. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. पीसीएमला ६२ टक्के, सीईटीला ७१ पर्सेंटाइल. तिला कॉम्प्युटरच करायचं आहे. आमच्या दोन्ही घरांत इंजिनिअरिंगला जाणारी ती पहिलीच, त्यामुळे विचारायला जवळचं कुणी नाही.

गेल्या रविवारी नाशिकबाहेरच्या एका लहान खाजगी कॉलेजचे दोन सर घरी आले. माणसं बोलायला चांगली होती. ओट्यावर बसून चहा घेतला, मुलीशी नीट बोलले. म्हणाले, कॉम्प्युटरच्या साठच जागा आहेत, त्या भराभर चालल्यात, १५ हजार भरून सीट बुक करून टाका. वर्षाची फी त्यांनी वहीच्या कागदावर लिहून दिली, ९२ हजार. मी विचारलं, मुलींना फी माफ आहे ना? तर म्हणाले, 'हो हो, आधी भरायची, नंतर सरकारकडून परत येते.' मूळ गुणपत्रिका आणि दाखलाही सोबत मागत होते. मी म्हटलं, दोन दिवसांनी सांगते.

आमची अडचण अशी की बागेचा पैसा मार्च-एप्रिलमध्ये येतो. तो आला तसा सोसायटीत आणि औषधवाल्याकडे गेला. आत्ता घरात जे आहे ते ऑक्टोबरच्या छाटणीसाठी राखलेलं. ते मोडून फी भरायची म्हटली तर बागेचं काय? आमचं ओबीसीचं जात प्रमाणपत्र आहे, पडताळणीही झाली आहे, नॉन-क्रिमीलेयर प्रांत ऑफिसातून मे महिन्यात काढलं. उत्पन्न आठ लाखांच्या खूप खाली आहे.

पैसे भरू का? आणि लहान कॉलेज घ्यावं की नाही, तेही सांगा.

सातपूर_पहिली_पाळी
ताई, एक रुपयाही देऊ नका. मूळ कागद तर हातातून सोडूच नका. सविस्तर लिहिणारे लिहितीलच, मी कंपनीतून सुटलो की वाचतो.

खिडकी_क्रमांक_दोन
ताई, मी नाशिकमधल्याच एका लहान कॉलेजच्या कार्यालयात सोळा वर्षं काम केलं. प्रवेश आणि शिष्यवृत्ती माझ्याकडेच असायची. तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात जास्त खटकलं ते 'सीट बुक करा'. ९२ हजारांचं नंतर बोलू.

खाजगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात शिरायला दोन दारं असतात. एक कॅपचं, म्हणजे सीईटी कक्षाची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. दुसरं संस्था स्तराचं, ज्याला लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात. एकूण जागांपैकी २० टक्के या दुसऱ्या दाराच्या. आत गेल्यावर वर्ग तोच, बाक तोच, शिक्षक तेच आणि पदवीवर विद्यापीठाचं नावही तेच. फरक पडतो तो फीत.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालं. आधी हा लाभ ५० टक्के होता. पण अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला असला पाहिजे. संस्था स्तरावर घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ नाही. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यातून वगळली आहेत. नाशिकच्या आसपास जाहिराती बघून फिरताना हे लक्षात ठेवा, कारण 'कॉलेज' आणि 'विद्यापीठ' या शब्दांतला फरक इथे चार वर्षांच्या फीएवढा आहे.

आता मला सांगा, कॅपची पहिली फेरी लागायच्या आधी कॉलेज 'सीट बुक' कुठली करणार? कॅपच्या जागा त्यांच्या हातातच नसतात, त्या सीईटी कक्ष गुणवत्तेवर वाटतो. कॉलेज स्वतः देऊ शकतं ती जागा फक्त संस्था स्तराची. म्हणजे १५ हजार देऊन तुम्ही मुलीला ज्या दाराने आत पाठवताय, तिथे माफी मिळत नाही. 'नंतर परत येते' हे वाक्य तिथे लागूच होत नाही.

त्यांनी एखादा छापील फॉर्म भरून घेतला आहे का? असेल तर त्यावर प्रवेशाचा प्रकार काय लिहिला आहे तो बघून सांगा.

द्राक्षबागवाली
सर, तुमचं वाचून फॉर्मची झेरॉक्स काढून पाहिली. वर उजव्या कोपऱ्यात दोन चौकोन आहेत, 'कॅप' आणि 'संस्था स्तर'. दुसऱ्या चौकोनात पेनाने बरोबरची खूण आहे. ती आम्ही केलेली नाही. मुलीने सही केली तेव्हा ती होती की नव्हती, तिला आठवत नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. कॅपचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीची यादी, आम्हीच भरून देऊ, तुम्हाला नेट कॅफेत जायला नको, असं म्हणून त्यांनी मुलीचा लॉगिन आणि पासवर्ड घेतला आहे.

खिडकी_क्रमांक_दोन
ताई, पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदला, उद्यावर टाकू नका. मोबाइल क्रमांक तुमचाच नोंदवला आहे ना, तेही बघा. बाकीचं त्यानंतर वाचा.

बदलला का? आता कारण सांगतो. २०२५-२६ पासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत तुमच्या यादीतलं पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर ती जागा आपोआप पक्की होते, ऑटो फ्रीज. पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी काही मिळालं तरी तसंच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. आता दुसऱ्या कुणी तुमच्या लॉगिनमधून यादीत पहिलं नाव त्याच्याच कॉलेजचं टाकलं, आणि त्या कॉलेजला कुणी फारसं विचारत नसेल, तर पहिल्याच फेरीत तीच जागा लागणार आणि तिथेच विषय संपला. त्याहून बरं कॉलेज मिळण्याजोगे गुण असले तरी उपयोग नाही.

म्हणून यादी घरात बसून स्वतः करा. वर जिथे खरंच जायची इच्छा आहे ती कॉलेजं, कट-ऑफ जास्त दिसला तरी. मध्ये मिळण्याजोगी. शेवटी खात्रीची. मागच्या वर्षीचे कट-ऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार, प्रवर्गवार असतात. ओबीसी मुलींची ओळ वेगळी असते, तीच बघायची. एकूण कट-ऑफ बघून बरेच पालक घाबरतात आणि चांगली नावं यादीतून काढून टाकतात. जागांत मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षणही आहे.

सिडकोची_मावशी
पासवर्डचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या भाच्याच्या बाबतीत हेच झालं होतं. क्लासवाल्याने 'मदत' म्हणून यादी भरली आणि तीन शाखा सोडून त्याला नको असलेलीच शाखा लागली. पोराने वर्षभर आमच्याशी धड बोलणं टाकलं. ताई, मुलीला शेजारी बसवून यादी करा. शिकायचं तिला आहे.

आडगाव_नाका
फीबद्दल थोडं. ९२ हजार वहीच्या कागदावर लिहून दिले, याला काही अर्थ नाही. प्रत्येक खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, २०१५ च्या कायद्याने. कॉलेजचं नाव आणि वर्ष टाकलं की मंजूर आकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसतो. त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन भाग असतात. ते वेगवेगळे बघा, कारण माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क तुम्हालाच भरायचं.

माझ्या मुलीच्या पहिल्या वर्षी खिडकीवर माझ्यासमोर आणखी चार पावत्या ठेवल्या होत्या. प्लेसमेंट ट्रेनिंग, गणवेश, ग्रंथालय अनामत आणि 'विद्यार्थी विकास'. मी शांतपणे विचारलं, यातलं प्राधिकरणाच्या आदेशात काय आहे? दोन पावत्या तिथल्या तिथे मागे घेतल्या. अनामत भरली, ती परत मिळते, फक्त पावती सांभाळून ठेवायची. बस मात्र घ्यावी लागली, कारण आमच्या भागातून सिटीलिंकने जायचं तर दोन बस बदलून पहिला तास बुडायचा. निफाडहून रोज जाऊन-येऊन करणार असाल तर बसचा खर्च फीइतकाच गांभीर्याने मोजा. बऱ्याच पालकांचा हिशेब तिथेच चुकतो.

गंगापूररोड_काका
माझं मत वेगळं आहे. ७१ पर्सेंटाइलला कॉम्प्युटरसाठी लहान कॉलेज घेण्यापेक्षा एक वर्ष थांबा, पुन्हा सीईटी द्या आणि पुण्याला पाठवा. चार वर्षं कुठे काढली हे आयुष्यभर विचारलं जातं.

तासिका_तत्त्वावर
काका, आपल्याबद्दल आदर ठेवून लिहितो. मी लहान कॉलेजात तासिका तत्त्वावर सहा वर्षं शिकवलं आहे, त्यामुळे तिथलं कमी-जास्त दोन्ही पाहिलंय. शेतकऱ्याच्या घरात मुलीचं एक वर्ष थांबवणं सोपं नसतं. थांबलेल्या मुलीसाठी त्या वर्षात स्थळं यायला लागतात, हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. आणि पुण्याला फी माफ झाली तरी खोली, मेस, प्रवास धरून दर महिन्याला जे लागतं ते या घराला झेपेल का?

लहान कॉलेजांवर ही वेळ का आली, तेही सांगतो. २०२४-२५ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था) एका शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढली. मोठ्या, नावाजलेल्या कॉलेजांनी कॉम्प्युटर आणि एआयच्या जागा वाढवल्या आणि मुलं तिकडे गेली. लहान कॉलेजात साठांच्या वर्गात पंचवीस-तीस मुलं उरतात, सिव्हिल-मेकॅनिकलला त्याहून कमी. पण इमारत, प्रयोगशाळा, वीज, पगार हे साठ मुलं धरूनच उभं केलेलं असतं. मग प्राध्यापकांना जून-जुलैत गावोगाव पाठवतात. 'इतके प्रवेश आणा' हा आकडा माझ्याही गळ्यात होता. तुमच्या ओट्यावर बसलेल्या सरांचा मला राग येत नाही, त्यांचा पगार त्यावर अडकलेला असतो. पण म्हणून चौकोनात खूण करून घेणं माफ होत नाही.

लहान कॉलेज बघायला जाताना प्रवेश कक्षात बसू नका. कामाच्या दिवशी अकराच्या सुमाराला जा आणि दुसऱ्या वर्षाची प्रयोगशाळा दाखवा म्हणा. मशीनवर धूळ आहे का, मुलं काम करताहेत का, ते दिसतंच. एआयसीटीईच्या निकषाने वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. कॉलेजच्या संकेतस्थळावर शिक्षकांची यादी द्यावीच लागते. ती छापून न्या आणि विचारा, यातले आज कोण कोण आले आहेत? मग कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांना चहा पाजा आणि दोनच गोष्टी विचारा: पहिल्या वर्षाला किती जण होते, आता किती आहेत? आणि गणिताला शिक्षक वर्षभर एकच होते की बदलले? मी शिकवत होतो तिथे एका वर्षात एम-टू ला, म्हणजे गणिताच्या दुसऱ्या पेपरला, तीन शिक्षक झाले. त्या बॅचचा निकाल कसा लागला असेल ते सांगायला नको.

पंचवटीची_बीई
मी अशाच लहान कॉलेजची. वर्गात अठ्ठावीस जण होतो. दुसऱ्या वर्षी वायडी (इयर डाउन, म्हणजे नापास होऊन वर्ष वाया जाणं) होता होता वाचले, कारण आमच्या मॅडमनी दिवाळीच्या सुट्टीत स्वतःच्या घरी बोलावून चौघींना एम-थ्री शिकवलं. मोठ्या कॉलेजात मला कुणी नावाने ओळखलं असतं का, मला शंका आहे. पण कॅम्पसला आमच्याकडे कंपन्या येत नव्हत्या. दुसऱ्या कॉलेजात पूल कॅम्पस, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्र मुलाखती, असायचा, सकाळी सहाला निघून तिथे रांगेत उभं राहायचं. पहिली नोकरी मला त्यातूनही मिळाली नाही, पदवीनंतर सात महिन्यांनी मिळाली. आता व्यवस्थित आहे.

मुलीला एवढंच सांगा की फीमाफी मिळाली तरी वर्ष वाया घालवायचं नाही. त्याच वर्षाची फी सरकार दुसऱ्यांदा देत नाही, आणि हजेरीही लागते.

म्हसरूळ_पालक
ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. मी गेल्या वर्षी मुलाचा प्रवेश एका कॉलेजातून रद्द केला. कॉलेज म्हणालं, भरलेली फी परत मिळत नाही, नियम आहे. असा नियम नाही. प्रवेशाच्या अंतिम तारखेआधी रद्द केला तर १,००० रुपये कापून बाकी परत द्यावे लागतात. मी दोन प्रतींत अर्ज लिहिला, आवक क्रमांक आणि शिक्का माझ्या प्रतीवर घेतला, आणि ऑनलाइनही रद्द केला. नुसतं तोंडी सांगून आलो असतो तर तारीख निघून गेली असती. गुणपत्रिका त्याच दिवशी मिळाली, पैसे चार महिन्यांनी. दर पंधरा दिवसांनी जाऊन उभा राहायचो.

बीएस्सी-बीकॉमवाल्यांसाठी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग) ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना आहे. अंतिम तारखेच्या १५ दिवस आधी किंवा त्याआधी रद्द केल्यास पूर्ण परतावा, त्यातून जास्तीत जास्त ५ टक्के किंवा ५ हजार, जे कमी असेल ते कापता येतं. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायलाही त्यात मनाई आहे.

येवल्याचा_दादा
मुलगा असेल तर काय? आमचा खुल्या प्रवर्गातला आहे, उत्पन्न कमी.

खिडकी_क्रमांक_दोन
दादा, दोन मार्ग. पहिला टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीची योजना. प्रत्येक शाखेत ५ टक्के जादा जागा असतात, उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, शिक्षण शुल्क पूर्ण माफ. ऑप्शन फॉर्ममध्ये याचा कोड वेगळा असतो, शेवटी टी असतो. तो वेगळा भरला नाही तर पात्र असूनही मिळत नाही. मोठ्या कॉलेजात याची स्पर्धा फार, लहान कॉलेजात त्या मानाने कमी. दुसरा, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, त्यात शिक्षण शुल्काच्या ५० टक्के. कॅपची अट इथेही आहे.

आणि ताई, एक राहिलं होतं. महाडीबीटीचे, म्हणजे फीमाफी-शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचे, पैसे सरकारकडून कॉलेजला उशिरा पोहोचतात, कधी पुढचं वर्ष उजाडतं. त्या काळात लहान कॉलेजची खरोखर ओढाताण होते. मी स्वतः खिडकीत बसून पालकांना 'तुम्ही भरा, आले की देतो' असं सांगितलं आहे, वरून तसा आदेश असायचा. ते चूक होतं. पात्र मुलींकडून प्रवेशावेळी शिक्षण शुल्क मागू नये अशा शासनाच्या सूचना आहेत. शासन निर्णयाची छापील प्रत सोबत ठेवा.

द्राक्षबागवाली
उशिरा लिहिते आहे, मधे पाऊस आणि कांद्याच्या रोपाची गडबड होती. सगळ्यांना कळवायचं होतंच.

त्या दोन सरांना फोन करून बुकिंग नको म्हटलं. एकाने आवाज चढवला. दुसऱ्याने संध्याकाळी स्वतःहून पुन्हा फोन केला आणि म्हणाला, 'ताई, कॅपमधूनच या, तेच बरं.' त्यांचे आभार मानले.

यादी मुलीने आणि मी दोन रात्री बसून केली, सव्वीस पसंती. तासिका सरांनी सांगितल्याप्रमाणे तीन कॉलेजं कामाच्या दिवशी पाहिली. एका ठिकाणी प्रयोगशाळेची किल्लीच सापडेना, पाऊण तास उभे होतो. ते नाव यादीतून काढलं. दुसऱ्या ठिकाणी चौथ्या वर्षाच्या दोन मुली मशीनवर काहीतरी करत होत्या. त्यांनी माझ्या मुलीला शेजारी बसवून दाखवलं. मुलीचा चेहरा पाहिला आणि ते कॉलेज चौथ्या क्रमांकावर घेतलं. लहानच आहे, फार नाव नाही.

दुसऱ्या फेरीत तेच लागलं. चौथी पसंती म्हणून आपोआप पक्कं झालं नाही, थांबायची मुभा होती, पण मुलगी म्हणाली हेच घेऊ. सीट स्वीकारायचे १,००० रुपये ऑनलाइन भरले. कॉलेजच्या खिडकीवर अपेक्षेप्रमाणे पूर्ण फी भरायला सांगितलं. मी पिशवीतून शासन निर्णयाची प्रत काढून काउंटरवर ठेवली आणि प्राधिकरणाचा फीचा कागद त्याच्या शेजारी. क्लार्क बाई आत जाऊन आल्या. वीस मिनिटांनी पावती मिळाली, विकास शुल्क आणि अनामत, मिळून साडेअकरा हजार. पावतीवर 'कॅप, ओबीसी, फेरी २' असं लिहिलंय, ते दोनदा वाचून मगच खिडकी सोडली. मूळ कागद तपासून लगेच परत दिले.

बस परवडत नाही. आडगावला मुलींच्या खोल्या बघतो आहोत, तिघी मिळून घेतली तर जमेल असं वाटतं. त्या बाजूला कुणाच्या ओळखीची, घरमालक वरच राहतात अशी जागा असेल तर कृपया कळवा. महाडीबीटीचा अर्ज सुरू झाला की कागदांबद्दल पुन्हा विचारेन.

आडगाव_नाका
ताई, आमच्या गल्लीत एक आजी-आजोबा राहतात, वरची खोली मुलींनाच देतात. उद्या विचारून सांगतो.